गुडघा बोंबलतो, पोट गप्प राहतं: हिमोफिलियाच्या घरात पोटातला रक्तस्राव ओळखताना आणि निभावताना

माझा दादा एकेचाळीस वर्षांचा. हिमोफिलिया ए, सिव्हिअर, म्हणजे रक्तात फॅक्टर आठ हे रक्त गोठवणारं प्रथिन एक टक्क्याहूनही कमी. आम्ही कळव्यात वाढलो आणि आमच्या घरात रक्तस्रावाची एकच भाषा होती: दुखणं. दादा म्हणायचा, "गुडघ्यात मुंग्या येतायत", की आई बर्फ काढायची. कोपर गरम लागलं की बाबा रिक्षा बघायला जायचे. दुखलं की ब्लीड, म्हणजे रक्तस्राव, नाही दुखलं की सगळं ठीक.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये याच भाषेने आम्हाला फसवलं. दादाला चार दिवस काळी शी होत होती. पोट दुखत नव्हतं, ताप नव्हता. जांभळांचे दिवस होते, त्याने पाव किलो खाल्लीही होती, म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी कळवा स्टेशनच्या पुलावर जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो बसला तो उठेना. हिमोग्लोबिन ६.२ निघालं. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होता आणि त्यातून रक्त झिरपत होतं. आधीचे दोन आठवडे ऑफिसातल्या कुणीतरी दिलेली गुडघेदुखीची गोळी तो रोज दोनदा घेत होता.

सांध्यातलं ब्लीड ओरडून सांगतं, पोटातलं नाही. हिमोफिलिया किंवा व्हॉन विलेब्रँड (रक्त नीट न गोठण्याचा आणखी एक जन्मजात आजार) असलेल्या माणसाला आयुष्यभर दुखण्यावर लक्ष ठेवायची सवय लागलेली असते आणि इथे तीच सवय आड येते. पुढचं सगळं मी दादाच्या आजारपणात, नंतर त्याच्या हिमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे रक्तविकारांच्या डॉक्टरांना, विचारून विचारून आणि हिमोफिलियाच्या इतर घरांकडून शिकले आहे. मी डॉक्टर नाही. औषधांचे आकडे तुमच्या डॉक्टरांकडून तुमच्या कागदावर लिहून घ्यायचे आहेत, ते कसे ते पुढे येईलच.

पहिलं काम: संडासात बघायला शिका

लाज वाटते, मान्य. पण भारतीय भांड्यावर निदान दिसतं तरी, कमोडमध्ये सगळं पाण्यात पडतं आणि फ्लश ओढला की पुरावा गेला. आमच्याकडे नियम आहे, ओढण्याआधी एकदा खाली बघायचं.

जठरातून किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागातून रक्त आलं तर ते खाली येईपर्यंत पचतं आणि काळं होतं. साध्या काळ्या शीत आणि या शीत फरक असतो. ही डांबरासारखी चकचकीत, चिकट असते, भांड्याला धरून बसते, एक मग पाणी ओतून जात नाही. वास तर असा की एकदा आला की विसरत नाही. आम्ही त्या चार दिवसांत बाथरूममध्ये दोनदा फिनेल ओतलं होतं, नाली तुंबली असेल म्हणून. अशी शी व्हायला साधारण ५० ते १०० मिलिलीटर रक्त पुरतं, म्हणजे अर्धा कप चहाएवढं.

लाल किंवा काळपट मरून रंगाचं रक्त बहुधा मोठ्या आतड्यातून किंवा गुदद्वारातून येतं. पण वरून एकदम भरपूर रक्त आलं तर ते काळं व्हायला वेळच मिळत नाही आणि लालच बाहेर पडतं. लाल रक्त, वर घाम आणि चक्कर असेल तर "मूळव्याधच असणार" म्हणत बसू नका. उलटीत ताजं लाल रक्त आलं तर कुणालाही कळतं. तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखे कण आले तर तेही रक्तच, जठरातल्या आम्लाने रंग बदललेलं.

रंग फसवतो, हेही खरं. लोहाच्या गोळ्यांनी शी काळपट-हिरवट होते, पण ती सहसा चिकट नसते आणि तो वास येत नाही. बिस्मथ असलेल्या औषधानेही काळी होते. बीट खाल्लं की लालसर होते. जांभळांचं तर सांगितलंच. शंका असेल तर खाणं आठवत बसण्यापेक्षा लॅबमध्ये शी द्या आणि हिमोग्लोबिन करा.

लहान मुलांच्या बाबतीत एक नेहमीची चकवा देणारी गोष्ट आहे. नाकातून, हिरडीतून किंवा चावलेल्या जिभेतून रात्रभर येणारं रक्त मूल झोपेत गिळतं आणि सकाळी शी काळी होते. तोंड आणि नाक आधी बघा. जीभ चावली असेल तर तेही ब्लीडच आहे, फक्त उगम वेगळा.

दुखणारं पोट: एक अपवाद

पोटात रक्तस्राव होऊन दुखतं ते मुख्यतः दोन प्रकारांत. एक, आतड्याच्या भिंतीतच रक्त साठतं. पोट फुगतं, उलट्या होतात, चित्र आतडं अडकल्यासारखं दिसतं. दुसरा, पोटाच्या मागच्या सोआस नावाच्या स्नायूत रक्त जमतं. जांघेत दुखतं, मांडी सरळ करता येत नाही, माणूस पाय दुमडून पडून राहतो. उजव्या बाजूला झालं तर हुबेहूब अपेंडिक्स वाटतं. दोन्हींत आधी फॅक्टरचं इंजेक्शन, मग सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन. अपेंडिक्स समजून थेट टेबलावर घेणं फार महागात पडू शकतं.

किती वेळ आहे, हे कसं ओळखायचं

उभं राहिल्यावर अंधारी येते का? बसल्या जागी नाडी मिनिटाला १००च्या वर आहे का? हातपाय गार, घामेजलेले आहेत का? तळव्यांचा रंग उडालाय का? श्वास लागतोय का? लघवी कमी झालीय का? यातलं एकही असेल तर घरचा फॅक्टर लावायला पाच-दहा मिनिटं घ्या आणि १०८ ला फोन करा. शी एकदाच काळी झालीय आणि माणूस ठणठणीत आहे, अशा वेळी घरी थांबायचा मोह होतो. थांबू नका. फरक इतकाच की अशा वेळी रिक्षाने किंवा टॅक्सीने जाता येईल.

स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. लोकलने तर नाहीच. दादाला तसंच पुलावरून उतरवून ट्रेनमध्ये बसवावं, ठाण्याला दोन मिनिटांत पोचतो, असं मित्राला वाटलं होतं. ट्रेनमध्ये तो पडला असता आणि डोक्याला मार लागला असता तर एकाऐवजी दोन ब्लीड.

आधी फॅक्टर, मग तपासणी

हे वाक्य पाठ करा. कॅज्युअल्टीत सांगताना अडखळायला नको.

आम्हाला त्या दिवशी आधी एका खासगी रुग्णालयात नेलं. नाव लिहीत नाही. तिथले डॉक्टर वाईट नव्हते, पण त्यांनी आधी रक्त काढलं, एपीटीटीचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा) रिपोर्ट मागवला, त्यानंतर दुर्बिणीसाठी, म्हणजे एंडोस्कोपीसाठी, पोटाच्या डॉक्टरांना फोन केला. जवळजवळ दोन तास. दादाचा फॅक्टर घरच्या फ्रीजमध्ये पडून होता आणि मी तो न घेता धावत आले होते. चूक माझीही होती.

माहीत असलेल्या हिमोफिलियाच्या पेशंटला पोटातलं ब्लीड झाल्याची शंका जरी असली तरी रिपोर्टची वाट न बघता फॅक्टर द्यायचा असतो. जागतिक हिमोफिलिया महासंघ पोटातल्या रक्तस्रावाला जिवावरच्या रक्तस्रावांत मोजतो. पुरेसा साठा असेल तिथे त्यांच्या सूचनांनुसार फॅक्टर आठ सुरुवातीला ८० ते १०० टक्क्यांपर्यंत आणि फॅक्टर नऊ (हिमोफिलिया बी मध्ये कमी असतो तो) ६० ते ८० टक्क्यांपर्यंत न्यायचा, मग हळूहळू कमी करत एक ते दोन आठवडे पातळी टिकवायची. साठा तुटपुंजा असतो अशा ठिकाणांसाठी त्यांनी कमी पातळ्याही दिल्या आहेत. तुमचं लक्ष्य काय ठेवायचं हे तुमचे डॉक्टर ठरवतील.

हिशेब मात्र घरातल्या एकाला तरी यायलाच हवा. फॅक्टर आठ किलोमागे १ युनिट दिला की पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. ६० किलोच्या माणसाला शून्यावरून १०० वर न्यायचं तर ६० गुणिले १०० भागिले २, म्हणजे ३००० युनिट. ५०० च्या सहा वायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या). फॅक्टर नऊ किलोमागे १ युनिट दिला की जेमतेम १ टक्का वाढतो. त्याच माणसाला ८० टक्के हवे असतील तर ४८०० युनिट, म्हणजे ५०० च्या दहा वायल. उरलेला अर्धा वायल टाकून देण्यापेक्षा पूर्ण वापरा, हे डॉक्टरच सांगतात. साधा फॅक्टर आठ ८ ते १२ तासांत निम्मा होतो, फॅक्टर नऊ १८ ते २४ तासांत. म्हणून "सकाळी दिलाय की" या समाधानावर रात्र काढता येत नाही. पुढचा डोस किती वाजता, हे पहिला डोस संपायच्या आधी विचारा.

वायल हलवताना जोरात खळखळवायची नाही, फेस होतो. तळहातांत हळू फिरवायची. नेताना थर्मासच्या डब्यात बर्फाची पिशवी आणि वायल यांच्यामध्ये टॉवेलची घडी ठेवायची, गोठलेला फॅक्टर वाया जातो.

आता काही अपवाद, कारण "फॅक्टर द्या" हे सगळ्यांना लागू नाही.

इनहिबिटर, म्हणजे शरीराने फॅक्टरविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं, असलेल्यांना साधा फॅक्टर सहसा लागू पडत नाही, ती तो निष्प्रभ करतात. सिव्हिअर हिमोफिलिया ए मध्ये जवळपास तिसरा हिस्सा पेशंटमध्ये कधी ना कधी इनहिबिटर तयार होतो. त्यांच्यासाठी बायपास औषधं असतात: रिकॉम्बिनंट फॅक्टर सात-ए किंवा फेबा. यातलं तुमच्या माणसाला कोणतं लागू पडतं, ते कागदावर ठळक लिहिलेलं हवं.

एमिसिझुमॅब घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. हे इंजेक्शन रोजचं ब्लीड टाळायला उत्तम, पण मोठं ब्लीड सुरू झाल्यावर एकट्याने ते थांबवेल असं धरून चालायचं नाही. आणि या औषधामुळे एपीटीटीचा रिपोर्ट खोटाच नॉर्मल येतो. कॅज्युअल्टीतले डॉक्टर रिपोर्ट बघून "रक्त तर छान गोठतंय" म्हणतील आणि त्यात त्यांचा दोषही नाही. औषध बंद केल्यावरही हा परिणाम काही महिने राहतो. इनहिबिटरवाल्यांनी एमिसिझुमॅब चालू असताना फेबा घेतला, विशेषतः मोठ्या डोसने एक दिवसाहून जास्त, तर रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. ही ओळ कागदावर लाल शाईने.

हिमोफिलिया बी वाल्यांनो, क्रायोची (प्लाझ्मातून वेगळ्या काढलेल्या घटकांची) पिशवी लावायला कुणी आणली तर थांबवा. क्रायोमध्ये फॅक्टर आठ, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर आणि फायब्रिनोजेन असतं. फॅक्टर नऊ त्यात नसतो. फॅक्टर नऊचं इंजेक्शन मिळेपर्यंत काहीच नसेल तर प्लाझ्मा हा तात्पुरता आधार, पण हवी ती पातळी गाठायला इतका प्लाझ्मा लागतो की हृदयावर ताण येतो.

रक्ताची गुठळी विरघळू न देणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडवरून हल्ली वाद होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १२ हजार पेशंटच्या हाल्ट-आयटी या चाचणीत पोटातल्या रक्तस्रावात या औषधाने मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांमध्ये गुठळ्या मात्र थोड्या वाढल्या. त्यामुळे कॅज्युअल्टीतले डॉक्टर ते द्यायला कचरतील. ती चाचणी मुख्यतः सर्वसामान्य पेशंटवर होती, आपल्या आजारात गणित वेगळं असू शकतं. हा निर्णय हिमॅटॉलॉजिस्टचा. आपण मध्ये पडायचं नाही, फक्त दोघांचं फोनवर बोलणं घडवून आणायचं.

कुठे जायचं

हे शांत दिवशी ठरवायचं काम आहे. ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयात हिमोफिलियाचं डे केअर केंद्र आहे, सरकारी फॅक्टर तिथे मोफत मिळतो. पण नावातच डे आहे. रात्री अकरा वाजता फॅक्टरचा फ्रीज कुणाच्या ताब्यात असतो, कुणाला उठवावं लागतं, आज साठा किती आहे, हे दिवसा जाऊन सिस्टरला विचारून ठेवा. सिस्टर सांगतात. आम्हाला त्यांनी हसून सांगितलं आणि वर नंबरही दिला.

दुसरं, फॅक्टर जिथे आहे तिथे रात्री दुर्बीण होईलच असं नाही, आणि दुर्बीण आहे तिथे फॅक्टर असेलच असंही नाही. तुम्हाला दोन्ही लागणार. म्हणून घरापासून जवळची तीन ठिकाणं लिहा: कुठे चोवीस तास एंडोस्कोपी होते, कुठे रक्तपेढी आवारातच आहे, कुठे आपण आणलेला फॅक्टर लावू देतात. कळवा-विटाव्याच्या लोकांना छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ, वाशीला महापालिकेचं रुग्णालय, नेरूळ-कामोठ्याच्या बाजूला मेडिकल कॉलेजांची मोठी रुग्णालयं. परळचं केईएम आणि त्याच आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था यांच्याकडे या आजारांचा दीर्घ अनुभव आहे. निदान, इनहिबिटरची चाचणी, अवघड केस यांसाठी ते ठिकाण आहेच. पण घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला सकाळी नऊ वाजता रक्ताच्या उलट्या होत असतील तर परळ हे पहिलं ठिकाण नाही. जवळच्या ठिकाणी स्थिर करा, फॅक्टर द्या, मग हलवा. पावसाळ्यात तर हे दुपटीने खरं.

ऐरोली, घणसोली, रबाळेकडच्यांनी ठाणे आणि वाशी दोन्ही बाजू लिहून ठेवा. ठाणे-बेलापूर रस्ता कोणत्या बाजूला तुंबेल ते त्या दिवशीच कळतं.

खिशातला कागद

एकच पान, दोन्ही बाजूंनी नको. नाव, वय, वजन, रक्तगट. आजार आणि प्रकार. फॅक्टरची मूळ पातळी. इनहिबिटर आहे की नाही, शेवटची चाचणी कधी. एमिसिझुमॅब चालू आहे का. पोटातल्या ब्लीडला पहिला डोस किती, पुढचा किती तासांनी. डॉक्टरांचा मोबाइल. तळाला डॉक्टरांची सही आणि शिक्का. शिक्क्याशिवाय कागदाला कॅज्युअल्टीत किंमत नसते, हे कटू पण खरं आहे. प्रत पाकिटात, प्रत थर्मासच्या डब्यात, फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. दादाच्या मित्राकडेही आता तो फोटो आहे.

कॅज्युअल्टीत

पहिलं वाक्य: "याला हिमोफिलिया आहे, पोटात रक्तस्राव होतोय, हा फॅक्टर आहे, हा डोस आहे." केस पेपर काढायला दुसऱ्याला पाठवा, तुम्ही पेशंटपाशी थांबा.

कंबरेत इंजेक्शन नको. उलटीचं इंजेक्शन सवयीने कंबरेत टोचलं जातं आणि तिथे मोठी गाठ होते. शिरेतून द्या म्हणावं. नाकातून जठरात नळी घालायची असेल तर फॅक्टरनंतर, नाहीतर नाकातून दुसरा रक्तस्राव सुरू. दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅक नको.

पहिल्या हिमोग्लोबिनवर विसंबू नका. रक्त गेलं तरी उरलेल्या रक्तात प्रमाण तेच राहतं. शरीरातलं रक्तवाहिन्यांबाहेरचं पाणी रक्तात मिसळून आकडा खाली यायला काही तास लागतात. "अकरा आहे, काळजी नाही" असं ऐकलं तर चार-सहा तासांनी पुन्हा करायची विनंती करा. रक्ताची बाटली चढवायची मर्यादा बहुतेक ठिकाणी ७ ग्रॅमच्या आसपास धरतात, हृदयविकार असेल तर त्याआधीही. आठ असताना रक्त लावत नाहीत म्हणून भांडू नका, आम्ही भांडलो होतो.

वरच्या भागातून रक्तस्राव होतोय असं वाटलं तर पॅन्टोप्राझोल (जठरातलं आम्ल कमी करणारं औषध) शिरेतून सुरू करतात. दुर्बीण शक्यतो २४ तासांच्या आत, पण पेशंट स्थिर झाल्यावर आणि फॅक्टर गेल्यावर. अल्सर दिसला तर तिथेच क्लिप लावतात किंवा जाळतात. दुर्बिणीने रक्त थांबलं म्हणून त्याच संध्याकाळी फॅक्टर बंद करायचा नाही. अल्सरवरची खपली टिकायला दिवस लागतात. पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची छोटी वाढ) काढला असेल तर दोन आठवड्यांपर्यंत उशिरा रक्तस्राव होऊ शकतो, त्या काळात गावाला जाऊ नका. दादाला नवव्या दिवशी इतकं बरं वाटत होतं की तो डिस्चार्ज मागत होता. डॉक्टरांनी त्याला आणखी तीन दिवस फॅक्टर लावला आणि मगच सोडलं.

व्हॉन विलेब्रँडच्या घरांसाठी

हा आजार बायकांनाही तितकाच होतो. एरिक व्हॉन विलेब्रँड या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबात तो पहिल्यांदा नोंदवला. आपल्याकडे अजूनही "हिची पाळी जड आहे", "हिला मूळव्याध आहे" यातच पोरीचं वय निघून जातं. या आजाराच्या काही प्रकारांत, विशेषतः २ए आणि ३ मध्ये, आतड्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पुन्हा पुन्हा गळतात. याला अँजिओडिस्प्लेशिया म्हणतात. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर फक्त रक्त गोठवत नाही, नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीलाही लगाम घालतो. तो नसला की हे घडतं. वयाबरोबर हे वाढतं.

याची खूण म्हणजे दुर्बीण वरून आणि खालून दोन्हीकडून नॉर्मल, तरी हिमोग्लोबिन पुन्हा पुन्हा घसरतं. मग गिळायच्या कॅमेऱ्याची कॅप्सूल एंडोस्कोपी लागते. सापडलेल्या जागा आर्गॉनने जाळता येतात, पण नव्या तयार होतात, म्हणून काहींना व्हॉन विलेब्रँड फॅक्टर असलेलं इंजेक्शन नियमित सुरू करतात. फॅक्टर आठच्या सगळ्या इंजेक्शनांत व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नसतो. नुसता रिकॉम्बिनंट फॅक्टर आठ इथे कामाचा नाही, खोक्यावरचं वाचा किंवा विचारा. डेस्मोप्रेसिन हे शरीरात साठलेला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर रक्तात सोडायला लावणारं औषध टाइप १ वाल्यांना बऱ्याचदा लागू पडतं, टाइप ३ ला नाही. ते घेतल्यावर पाणी मोजून प्यायचं, नाहीतर रक्तातलं सोडियम घसरतं.

टाइप ३ आणि ग्लान्झमन (प्लेटलेट नीट काम न करण्याचा जन्मजात आजार) हे दोन्ही आजार आई-वडील दोघांकडून आले तरच होतात. मामाच्या, आत्याच्या घरात लग्नं होतात त्या कुटुंबांत ते जास्त दिसतात. भावंडांची तपासणी करून घ्या. सोयरीक जुळवताना बोलायला अवघड विषय आहे, तरी बोला.

कारण शोधल्याशिवाय घरी जाऊ नका

दादाचं कारण गोळी. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, व्होवेरान, डिस्प्रिन, मेफ्टाल: ही नावं आमच्या औषधांच्या डब्याच्या झाकणाच्या आतून चिकटवली आहेत, "नाही" या शीर्षकाखाली. यातली औषधं जठराचं अस्तरही सोलतात आणि प्लेटलेटनाही लुळ्या करतात. आपल्या पेशंटला दुहेरी मार. दुखण्याला पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत. त्याने भागत नसेल तर सेलेकॉक्सिबसारखी गोळी काही डॉक्टर जठराच्या गोळीबरोबर देतात, तीही त्यांनी दिली तरच. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या अजिबात नाहीत. तशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामकं मिसळलेली सापडली आहेत. मुळात गुडघा इतका का दुखतो, हे विचारा. वेळेवर फॅक्टर आणि फिजिओथेरपी मिळाली असती तर दादाला ती गोळी लागलीच नसती.

एच. पायलोरी हा जठरातला जंतू तपासून घ्या. रक्तस्राव चालू असताना ही चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून नंतर पुन्हा करा. श्वासाच्या किंवा शीच्या चाचणीआधी जठराची गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागते. सापडला तर १४ दिवसांचा कोर्स पूर्ण करायचा आणि जंतू गेला का, हे परत तपासायचं.

पूर्वी प्लाझ्मा, क्रायो भरपूर घेतलेल्या पेशंटनी हिपॅटायटिस सी आणि बी तपासलंच पाहिजे. सी चा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, त्याआधी त्यासाठी रक्त तपासायची सोयच नव्हती. यकृत खराब झालं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटल्या तर रक्तस्राव भयंकर असतो. सी आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात.

मूळव्याधीबद्दल एकच. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या "बिना ऑपरेशन" जाहिरातींच्या नंबरला फोन करू नका. मोड बांधणं, टोचणं, कापणं यातलं काहीही फॅक्टरचं नियोजन केल्याशिवाय करायचं नाही. आणि मूळव्याध आहे म्हणून रक्ताचं दुसरं कारण नाही, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. चाळिशीनंतर कोलोनोस्कोपीबद्दल विचारा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे. दाखला काढून ठेवा. रजा, प्रवास, नोकरी, कुठे ना कुठे तो उपयोगी पडतो.

घरी आल्यावर

लोहाच्या गोळ्या सुरू होतात आणि शी पुन्हा काळी होते. आमचा पहिला आठवडा या भीतीतच गेला. मग डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं: कालनिर्णयच्या चौकोनात दादा रोज एक अक्षर लिहितो. "का" म्हणजे काळपट, "चि" म्हणजे चिकट. "चि" आला की त्याच दिवशी हिमोग्लोबिन. एरवी हिमोग्लोबिन सुरुवातीला आठवड्याला, मग महिन्याला. जठरातला अल्सर असेल तर साधारण दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करून तो भरला का हे बघतात. दादाचा अल्सर आतड्यातला होता, त्याला गरज पडली नाही.

गेल्या पावसाळ्यात एकदा "चि" आला. शनिवार होता, सिव्हिलचं डे केअर बंद. दादाने स्वतः सहा वायल लावल्या, कागद खिशात घातला, वहिनीने टॅक्सी बोलावली आणि मला ऐरोलीहून निघायच्या आधीच फोन आला की दाखल झालोय, रात्री दुर्बीण आहे, येताना चार्जर आण.